शेवटचा लाल बिल्ला

पॅकिंग खातं बंद करण्याची योजना कंपनीत बदल राबवणाऱ्या अधिकारी शाल्मलीने पुन्हा एकदा समजावली, तेव्हा कुठे डफळेकाकांच्या छातीवरचा बिल्ला हिरवा झाला. मनापासून पटल्याशिवाय बिल्ला हिरवा होत नसे आणि सगळे हिरवे झाल्याशिवाय हॉलचं दार उघडत नसे. हा नियम तिनेच आणला होता.

सकाळपासून कोंडलेले कामगार डबे उचलून दाराशी गेले. दार उघडलं नाही.

"आता कोण अडून बसलंय?" ती वैतागली.

सगळे तिच्याच बिल्ल्याकडे बघत होते. तो लाल होता.

डफळेकाकांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा मॅडम. आमच्या नोकऱ्या जाण्यात सगळ्यांचं भलं कसं आहे, ते आता आम्ही तुम्हाला समजावतो."