मधासारखं तेल

तात्यांनी लेकाच्या मोटारसायकलच्या इंजिनखालचा नट सोडला. पातेल्यात मधासारखं नितळ तेल पडलं. चार महिने रोज वीसेक किलोमीटरवरच्या ओझरला कामावर जाणाऱ्या गाडीचं तेल काळंकुट्ट निघायला हवं होतं. मागच्या वेळी तेल बदलताना त्यांनीच मीटरचा आकडा रिकाम्या कॅनवर लिहिला होता. तो ताडून पाहिला. दिवसाला चार किलोमीटर. पंचवटीतल्या घरातून गंगेवर, नदीच्या घाटावर, जाऊन यावं, एवढंच. म्हणजे नोकरी गेली होती. पोरगं डबा घेऊन दिवसभर घाटावर बसत होतं. बायकोची चाहूल लागताच त्यांनी पातेल्यावर फडकं टाकलं. मागोमाग युनिफॉर्म घालून लेक आला. त्याला डबा देत ती म्हणाली, “लय राबतंय पोर. तेल काळं निघालं असंल?” “डांबरासारखं,” तात्या म्हणाले. ती आत वळल्यावर नवं तेल ओतून त्यांनी डोक्यावरची टोपी लेकाला दिली. “घाल. गंगेवर ऊन लय लागतं.”