हिवाळ्यातली फुलं

तिसऱ्या दिवशीही ती गाडी वळणावर उभी होती. नंबर प्लेट झ्युरिकची. मेल्कनं तो नंबर मंगळवारीच पाठ करून ठेवला होता.

गुरुवार होता. दर गुरुवारी दुपारी तो खालच्या खानावळीत पत्ते कुटायला जाई. आज त्याचे पाय वळणावरच अडले. गाडीवाली बाई तिकाटण्यावर कॅमेरा लावून रस्त्याकडेच्या घराचे फोटो घेत होती. दुमजली लाकडी घर, लाल-पांढरे चौकडीचे पडदे, खालच्या तिन्ही खिडक्यांत जिरेनियमची लालभडक फुलं. या खोऱ्यात अशी घरं पैशाला पासरी. फरक एवढाच, की हे घर काँक्रीटचं होतं. फळ्या, पडदे, फुलं सगळं रंगवलेलं. आत एके काळी तोफ होती आणि त्या तोफेचा राखणदार होता मेल्क.

एकतीस वर्षं त्यानं ती नोकरी केली, पण घरी सांगितलं होतं की आपण सैन्याच्या धान्यगोदामात आहोत. बायकोला, म्हणजे सेफीलासुद्धा, तेच. गुपित राखायची शपथ घेतली होती. तोफ काढून नेली त्यालाही वीस वर्षं झाली, पण शपथेतून मोकळं केल्याचा कागद काही आला नाही. कागद नाही म्हणजे शपथ आहे, हा मेल्कचा हिशेब. आयुष्यात दुसरं काही मोठं त्याच्या हातून घडलं नव्हतं. एवढी एक गोष्ट मात्र त्यानं जिवापाड जपली होती.

"बाई, इथे फोटो काढायला मनाई आहे," तो म्हणाला.

ती हसली. तिनं आपलं नाव रेगुला सांगितलं. देशभर गाडी हिंडवून ती अशा खोट्या घरांचे फोटो जमवत होती. मेल्कनं मान हलवली. खोटं कसलं? आत गवत भरलेलं आहे, म्हणाला. हेरसुद्धा असंच गोड हसतात, हे त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

रेगुलानं वाद घातला नाही. तिनं दोन जुने फोटो त्याच्यापुढे धरले. एक जुलैतला, फुलांनी भरलेला. दुसरा डिसेंबरातला. त्यात खिडक्यांखाली नुसत्या तपकिरी फळ्या होत्या.

"मग?" मेल्क म्हणाला. "हिवाळ्यात फुलं आत घेतात. आम्ही कालच घेतली."

"खऱ्या घरात घेतात," रेगुला म्हणाली. "ही भिंतीवरची कोण आत घेतं? तेच बघायला थांबलेय मी."

उभा जन्म मेल्क या घरावरून गेला होता. मे महिन्यात फुलं यायची, ऑक्टोबरात जायची. सगळ्या घरांची तीच रीत, म्हणून त्यात काही वावगं आहे हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही. म्हणजे कुणाला तरी सगळं ठाऊक होतं. कोण? त्याला आधी नवा पोस्टमन आठवला, मग हॉटेलवाला, मग पत्त्यांतला भिडू, जो नेहमी जरा जास्तच चौकशा करायचा. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की देवमाणूससुद्धा चोर दिसतो.

पत्ते राहिले बाजूला. सेफीला बजावायला हवं, अनोळखी माणसाशी बोलू नकोस म्हणून, असं ठरवत तो तडक घरी आला.

घरात ती नव्हती. तळघरातला दिवा मात्र जळत होता. काल आत आणलेल्या कुंड्यांच्या रांगेशेजारी सेफी स्टुलावर बसली होती. अंगात त्याचा जुना सदरा, मांडीवर डबा. डब्यातला तपकिरी रंग ती काठीनं ढवळत होती.

मेल्क पायरीवरच बसला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पहिल्या हिवाळ्यापासून," सेफी ढवळता ढवळता म्हणाली. "गुडघाभर बर्फ आणि खिडकीत लाल फुलं. अरे, कुणी पोरानंसुद्धा ओळखलं असतं. सैन्यात सगळे पुरुष, त्यांना कुठून सुचणार?"

"आणि इतकी वर्षं मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

सेफीनं डब्याचं झाकण लावलं.

"गुपित होतं ना ते," ती म्हणाली. "मग तुला कसं सांगणार?"