परातीतले ग्रह

शाळेच्या अहवालात म्हटले आहे : 'कु. जयश्री हिचा विज्ञान-प्रकल्प साफसफाई करताना अनवधानाने नष्ट झाला. कचरा आणि प्रकल्प यांतील फरक सफाई कर्मचाऱ्याच्या लक्षात येणे शक्य नव्हते.'

अहवालाची भाषा निर्दोष आहे. ज्या वस्तूविषयी तो लिहिला, ती वस्तू तेवढी त्यातून वगळलेली आहे. ती होती भाकरीचे पीठ मळायची परात. बॉबिनवर सूत भरायच्या यंत्राच्या जुन्या मोटरीवर ती तीन आठवडे संथपणे फिरत होती. मधोमध दिवा जळत होता, शेजारी लहान पंखा चालू होता, आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह कसे घडतात. कृपया हात लावू नये.' सुरतेत कचऱ्याला तोटा नाही. पण तो मोटरीवर फिरत नाही, आणि लोकांना विनंतीही करत नाही.

परातीत होता तो यंत्रमागांखाली साचणारा तंतूंचा धुरळा. जयश्रीचे वडील बन्सीलाल तो कारखान्यातून पिशवीत भरून आणत. उरलेला त्यांच्या छातीतून घरी येई.

मुख्याध्यापक दिलीपसरांच्या टेबलावर 'स्वच्छ शाळा' स्पर्धेची ढाल होती. समोर विज्ञान शिकवणारी प्राजक्ता बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी असूनही बन्सीलाल उभेच होते. जयश्री त्यांच्यामागे होती.

"पुन्हा कर की गं," सर म्हणाले. "माल तर तुमच्याकडं घरचाच आहे."

"प्रदर्शन काल संपलं, सर," प्राजक्ता म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी ही शाळेत नसेल. तुम्हांला ठाऊक आहे ते."

ते सर्वांनाच ठाऊक होते. प्रदर्शनातून निवड झालेल्या मुलीला अहमदाबादच्या निवासी विज्ञानशाळेत दोन वर्षे मिळणार होती. निवड झाली नाही तर दहावीनंतर तिने घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचे, असे बन्सीलालनी दिवाळीतच सांगितले होते. रागाने नव्हे; उद्या कारखान्यात कोणती पाळी आहे, हे सांगावे तसे.

"साहेब, मना एकच सवाल शे," बन्सीलाल म्हणाले. "पोरनी ते करेल व्हतं का नही? तिनी माय इचारस, तीन हप्ता परात कशाले दिधी?"

"बन्सीलालभाई, चूक धुडकूची आहे. मी त्याला समज दिली आहे."

सफाई कर्मचारी धुडकू पाण्याचे ग्लास घेऊन दारातच उभा होता. तो कंत्राटावर असल्यामुळे त्याला मत नव्हते.

"त्यात होतं तरी काय एवढं?" सरांनी जयश्रीला विचारले. आवाजात माया होती. ढाल मिळाल्यापासून ती सर्वांसाठीच होती.

जयश्री पुढे आली. ती पाठ केलेले बोलल्यासारखे बोलू लागली; काल परीक्षकांपुढे बोलायचे राहून गेलेलेच ते होते.

"सर, तारा तयार झाला की त्याच्याभोवती उरलेली धूळ फिरत असते. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात. जिथून गोळा जातो तिथली धूळ तो ओढून घेतो, म्हणून मागं मोकळी वाट दिसते. आणि ग्रह जिथं बनला तिथंच राहतो असं नाही. माझा एक मोठा गोळा काठाशी झाला होता, तो दिव्याकडं सरकायला लागला होता. खरे ग्रह पण असे आत सरकतात. फार जवळ गेले तर त्यांची हवा उडून जाते, नुसता दगड राहतो."

"अरे वा."

"पण सर, वेळ थोडा असतो. तारा तापला की त्याचा वारा सुटतो, आणि उरलेलं सगळं झाडून नेतो. तोवर जे जमलं, त्याचा ग्रह. जे जमलं नाही…"

"त्याचं काय होतं?"

"काही नाही, सर. त्याचं काहीच होत नाही."

सरांनी मान डोलावली. मग समजूत घालावी तसे म्हणाले, "पण खरं सांगू का बेटा? तो एक मोठा सोडला, तर बाकीचे अगदीच किरकोळ होते."

धुडकूने खाली पाहिले.

"बाकीचे कसे होते, हे तुम्हांला कसं माहीत, सर?" प्राजक्ताने विचारले. "अहवालात तर धुडकूशिवाय तिथं कोणीच नाही."

सरांनी ढाल थोडी डावीकडे सरकवली, मग पुन्हा जागेवर ठेवली.

बन्सीलालनी भिंतीशी टेकवलेली परात उचलली. ती घासून लख्ख केलेली होती. त्यांनी ती काखेत धरली.

"चाल जयू, घर चाल. मना पाळीना टाइम व्हई गया."

जयश्री गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. पाहण्यासारखे तेथे काही उरलेही नव्हते.

त्यानंतर सर जे बोलले, ते अहवालात आलेले नाही आणि येणारही नाही. अहवाल आदल्या दिवशीच वरच्या कार्यालयात पोहोचला होता. हे सरांना माहीत होते, म्हणूनच बहुधा ते इतक्या मोकळेपणाने बोलले. त्यांचे शब्द असे :

"दिसले होते मला, प्राजक्ताबेन. वाटाण्याएवढे गोळे होते, मधल्या वाटाही दिसत होत्या. धुडकू म्हणाला, पोरीचं आहे, राहू द्या. पण स्पर्धेच्या तपासणीचे साहेब जिना चढत होते, आणि हे काय आहे असं त्यांनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. म्हणून त्याच्या हातातला झाडू मीच घेतला."