कुंपणापाशी आलेली माणसं

"तीन मिनिटं झाली," ताई म्हणाली. "आणि अकरावा गेला."

"कोण गेला?" कप्तानाने विचारलं. नजर आभाळात, दोन्ही अंगठे रिमोटवर.

"माणूस! कुंपणापाशी उभा होता बिचारा. कंटाळून गेला निघून."

"जाऊ दे गं. ज्याला आवड असेल तो आपणहून येईल."

कप्तान जन्मात कधी विमानात बसला नव्हता. पेशाने तो दातांच्या कवळ्या बनवायचा. पण ग्लायडर उडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून मैदानावर सगळे त्याला कप्तान म्हणत. खेळ सांगायला सोपा. बिनइंजिनाचं छोटं विमान दोरीने ओढून पतंगासारखं वर चढवायचं, दोरी सुटली की वर उठणारी गरम हवा हुडकायची, तिच्यावर बरोबर दहा मिनिटं तरंगायचं आणि जमिनीवरच्या खुणेवर आणून टेकवायचं. प्रत्येक खेळाडूच्या शेजारी एक जण घड्याळ घेऊन उभा. कप्तानाचा घड्याळवाला आज तापाने पडला होता, म्हणून त्याने थोरल्या बहिणीला गाडीत घालून आणलं होतं. ताईने बस डेपोत तीस वर्षं गाड्या सोडल्या होत्या. तिची शिट्टी वाजल्याशिवाय एक चाक हलत नसे.

ग्लायडर संघटनेचं पत्र कप्तानाच्या खिशात होतं. आज संध्याकाळपर्यंत आठ खेळाडू आणि एक आयोजक अशी नावं कळवा, नाहीतर इथली स्पर्धा कायमची बंद. खेळाडू होते सात. आयोजक व्हायला कुणीच तयार नव्हतं. कागद सांभाळत बसायचं तर उडवायचं कधी? कप्तान मात्र बिनघोर होता. त्याने रंगीत पत्रकं छापून चौकाचौकात वाटली होती. लोक एकदा बघायला आले की खेळच त्यांना धरून ठेवेल, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

आणि लोक आले होते की! ताईने मोजलेच होते.

"अरे, आवड होती म्हणूनच आले ना ते?" ती म्हणाली. "एक जण लेकीला खांद्यावर घेऊन आला. एक बाई भाजीची पिशवी सांभाळत अर्धा तास ताटकळली. आणि तुम्ही सातही जण आपले आभाळाकडे तोंड करून उभे! 'या, बसा' म्हणायला एकाला फुरसत नाही. डेपोत चौकशीची खिडकी मी अशी रिकामी ठेवली असती ना, तर लोकांनी काचा फोडल्या असत्या."

"नजर काढली तर विमान हरवतं, ताई. केवढं वर आहे बघ."

"चार मिनिटं."

विमान खरंच कधी नव्हे इतकं वर गेलं होतं. कप्तानाने ते अख्खा हिवाळा खपून स्वतःच्या हाताने घडवलं होतं. आजची फेरी त्याच्या खिशात होती.

"बारावा आला," ताई म्हणाली. "रंगारी दिसतोय, कपडे रंगाने माखलेत. हातात तुझंच पत्रक आहे."

कप्तानाने विमानाला आणखी एक गिरकी दिली.

"पत्रकाची घडी घातली. खिशात ठेवलं. निघाला बघ."

"अगं, त्याला सांग ना, सहा मिनिटं थांब म्हणून!"

"घड्याळवाल्याने जागा सोडायची नाही, हे तूच सांगितलंस सकाळी. आता तुझं तू बघ."

आठवं नाव पाठ फिरवून चाललं होतं. वर विमान, खाली तो माणूस. वीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. आभाळाकडे पाठ फिरवली.

"अहो! अहो, पत्रकवाले! आत या ना! फाटक उघडंच आहे!"

रंगारी थबकला. "नाही, मी आपलं नुसतंच बघत होतो."

"मग इकडून बघा की! तिथून काय दिसतंय?"

रंगारी आत आला. कप्तानाने झटकन वर पाहिलं. आभाळ लख्ख होतं आणि विमान कुठेच नव्हतं.

"ताई, गेलं! कुठंय ते?"

"मला काय विचारतोस? मी कुंपणाकडे बघत होते."

रंगाऱ्याने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा माणूस तो, लांबचं बघायची त्याच्या डोळ्यांना सवय होती.

"ते काय! त्या लांबोळक्या ढगाच्या खाली. डावीकडे कलतंय."

"कुठे? कुठे?"

"माझ्या बोटाच्या रेषेत बघा."

कप्तानाने त्याच्या दंडाला गाल टेकवला आणि रंगाने माखलेल्या बोटावरून नेम धरल्यासारखं पाहिलं. सापडलं! अंगठे आपोआप हलले, विमान सरळ झालं. कप्तानाचा जीव भांड्यात पडला.

"हलू नका," तो म्हणाला. "उतरेपर्यंत इथेच थांबा."

"थांबतो की. पण हे वर राहतं कसं हो, इंजिन नसताना?"

कप्तान सांगू लागला. ताईने तेवढ्यात रंगाऱ्याच्या मोकळ्या हातात घड्याळ ठेवलं.

"सात मिनिटं झाली आहेत, भाऊ. दर अर्ध्या मिनिटाला मोठ्याने सांगायचं. आणि पुढच्या रविवारी सकाळी सातला यायचं. उशीर खपवून घेणार नाही."

"कागद आता मी सांभाळते," म्हणत तिने भावाच्या खिशातून संघटनेचं पत्र काढून घेतलं आणि गाडीतली घडीची खुर्ची काखेत मारली. पर्समधून जुनी शिट्टी काढून एकदा फुंकली. मैदानातल्या माना एकदम खाली आल्या.

"काही नाही," ताई ओरडली. "चालू द्या तुमचं!"

फाटकापाशी खुर्ची मांडून ती बसली. मागे रंगारी "साडेसात!" म्हणून ओरडला. ताईने वळून पाहिलं नाही. भाजीची पिशवी घेतलेली बाई परत येताना दिसत होती.