मागं वळायची जागा

ओळ संपली. इथं गवयानं मागं वळून बघायचं, की लगेच रंगमंचाखालच्या माणसानं फळी सोडायची, बायको धपकन खड्ड्यात आणि ढोलवाल्याचा एक दणका. जुन्या ग्रीक कथेचं ह्या मंडळींनी गाण्यांचं विनोदी नाटक केलंय. मेलेल्या बायकोला गवई पाताळातून परत आणतो. अट एकच, वर पोचेपर्यंत मागं बघायचं नाही. आणि हा शहाणा बघतोच! चाळीस प्रयोग झाले, लोक तिथंच हसून लोळतात.

आज तो वळलाच नाही.

पेटीवाल्यानं भुवया उडवल्या आणि तीच ओळ पुन्हा धरली. गवई मान ताठ ठेवून, गात गात, रंगमंचाला आणखी एक फेरी मारून आला. मग तिसरी. लोकांना वाटलं, नवीन गंमत काढलीय. टाळ्या पडायला लागल्या.

विंगेत दिग्दर्शक आधी भडकला. "डोकं ठिकाणावर आहे का ह्याचं?" मग टाळ्या ऐकून विरघळला. "राहू दे, राहू दे. उद्यापासून हेच ठेवू." कुणाचा खेळ होतो आणि कुणाचा जीव जातो, दुसरं काय.

गवयाची बायको नाटकातही त्याची बायको व्हायची. ती वारली, त्याला तीन आठवडेही झाले नाहीत. प्रयोग आधीच लागलेले, म्हणून तिच्या धाकट्या बहिणीला उभं केलं. तीच आता त्याच्या मागं चालत होती. चौथ्या फेरीला तिला दम लागला. तोंडावरचं हसू तसंच ठेवून ती कुजबुजली, "भाऊजी, वळा ना आता. किती फिरवताय?"

पेटी वाजत होती तेवढ्यात तो समोर बघतच म्हणाला, "तुझ्या पायात तिचेच बूट आहेत ना?"

"हो. का?"

"आवाज अगदी तोच येतोय गं. वळलो की तू दिसशील."

"वन्स मोअर!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

ती टाचा जरा जोरात टेकवत त्याच्या मागं चालत राहिली.