मीठ कुणाकडे

बटण त्यालाच दाबायचं होतं. पडद्यावर सात काळे ठिपके होते आणि त्यांच्याकडे टक लावून सगळी प्रयोगशाळा खुर्च्या ओढून बसली होती. पहिल्या रांगेत त्याची बायको.

विश्वात दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं काहीतरी आहे. ताऱ्यांचे थवे त्याच्याच ओढीनं एकत्र राहतात, एवढं सगळ्यांना पटलेलं, पण ते अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. ताऱ्यांचा चांगला चाललेला अभ्यास सोडून त्याची बायको या न दिसणाऱ्याच्या मागे लागली आणि त्यातच तिचे केस पिकले. डोंगराच्या पोटात पुरलेल्या टाकीत त्यातला एखादा कण धडकला, तर पडद्यावर एक ठिपका उमटणार. यंदा सात उमटले होते.

पण माणूस आशेला लागला की त्याला हवं तेच दिसतं. म्हणून इथे एक रीत होती. एकानं गुपचूप काही खोटे ठिपके मिसळायचे आणि शेवटच्या दिवसापर्यंत मूग गिळून बसायचं. बाकीच्यांनी खरंखोटं न कळता हिशेब पुरा करायचा. याला सगळे मीठ टाकणं म्हणत. यंदा मीठ नवऱ्याकडे होतं आणि हिशेब बायकोकडे, त्यामुळे थट्टेला ऊत आला होता. "घरी तरी मीठ कोण टाकतं?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मीच. याच्या हातचं सगळं अळणी."

त्यानं बटण दाबलं. खोटे ठिपके लाल होणार होते. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याला कुणाची तरी खुर्ची करकरली. मग उरलेलेही झाले.

"काळा एकही नाही," प्रमुख म्हणाले. "म्हणजे हाती काही लागलं नाही. पण आपला हिशेब चोख आहे, एवढं कळलं." रीतीप्रमाणे टाळ्या वाजल्या. तीही वाजवत होती. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालूच होत्या.

बाहेर चहाच्या यंत्रापाशी तो तिच्या मागोमाग गेला. काय बोलायचं ते त्यानं वर्षभर मनात घोळवलं होतं.

"सातच्या सात," ती म्हणाली.

"किती टाकायचे ते संगणक ठरवतो. माझ्या हातात नव्हतं."

"ते जाऊ दे. आई दवाखान्यात होती तेव्हा मी तुला विचारलं होतं, सापडलं म्हणून तिला सांगू का. तू भाजी चिरत होतास. मान वर न करता म्हणालास, सांग."

"त्यांच्याकडे दिवस थोडे होते."

"आईसाठी नव्हतं रे विचारलं. तुझ्या पोटातलं काढून घेत होते. कळलं नाही तुला?"

कळलं होतं. 'थांब' म्हणाला असता तर गुपित फुटलं असतं, गप्प राहिला असता तरी फुटलं असतं. त्याला वाटलं, या एका शब्दानं नियमही राहील आणि सासूबाईही सुखानं जातील. त्या गेल्याही सुखानं. येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला सांगत होत्या, माझ्या लेकीनं शोधून काढलं. तो दाराशी उभा राहून ऐकत होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"मी खोटं एक अक्षर बोललो नाही," तो म्हणाला.

"नाहीच बोललास. माझ्या तोंडून बोलवलंस." तिनं कप भरला, पण उचलला नाही. "त्या एका 'सांग'वर मी वर्ष काढलं."

तेवढ्यात प्रमुखांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "जाण्याआधी एवढं ठरवून टाकू. पुढच्या खेपेचं मीठ कुणाकडे?"

"माझ्याकडे द्या, सर," ती म्हणाली. "आणि हिशेबाला यांना बसवा."

"वा, फिट्टंफाट," म्हणत प्रमुख हसत आत गेले. ती हसतेय का, हे त्यानं पाहिलं. ती हसत नव्हती.

"उद्यापासून भाजी मी चिरेन," ती म्हणाली. "तुला काही विचारायचं असलं तर विचार."