गळालेल्या क्वेऱ्या

जुनी सिस्टिम संध्याकाळी बंद होणार होती. त्याआधी डेटाबेसवर सेव्ह केलेल्या सगळ्या क्वेऱ्यांची, म्हणजे माहिती शोधायला लिहिलेल्या आज्ञांची, यादी सिस्टिमच्या एपीआय नावाच्या खिडकीतून मागवून त्या तिला नव्या जागी हलवायच्या होत्या. यादीत जे नसेल ते कायमचं पुसलं जाणार आणि खापर तिच्या डोक्यावर फुटणार. काम सांगून मोकळ्या झालेल्या साहेबाच्या बापाचं काय जातंय!

पण यादी अर्धवट येत होती. स्क्रीनवर ढळढळीत दिसणाऱ्या क्वेऱ्या त्यात नव्हत्याच. तिने शेवटच्या पानापर्यंत मागवून पाहिलं, परवानग्या तपासल्या. डोकं भणभणायला लागलं.

"अगं, नोकरी सोडलेल्यांच्या क्वेऱ्या गळतात त्यातून," शेजारच्या टेबलावरून मामा म्हणाले. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. "मालक गेला की माल गेला!"

तिने एकेक गळालेली क्वेरी उघडून बघितली.

"मामा, ह्या सगळ्या तुमच्याच आहेत."

"म्हणजे मला काढलं आणि मलाच सांगितलं नाही?" मामा खो खो हसत सुटले.

तेवढ्यात साहेब आला. त्याने मामांची खुर्ची ओढली आणि फायलींचा गठ्ठा खुर्चीतच आपटला. खुर्चीत मामा नव्हते. हसणं मात्र अजून थांबलं नव्हतं.

तिने यादी पुन्हा मागवली. आता ती आणखी आखूड आली. तिने स्वतः लिहिलेली एकही क्वेरी त्यात नव्हती.

"साहेब!" ती किंचाळली.

हातभर अंतरावर उभ्या साहेबाने तिच्या खुर्चीकडे हात नेला आणि ऑफिसला विचारलं, "अरे, ही यादी करायला मी कुणाला सांगितलं होतं?"